सोमवारचा गोटा

आमच्या घरात शेवाळावरून दोन भांडणं झाली. पहिलं मी ते वाढवायला घेतलं म्हणून, आणि दुसरं कुणीतरी ते घासून टाकलं म्हणून. मधे जेमतेम चार-पाच महिने गेले असतील.

पहिल्या भांडणात आईची बाजू भक्कम होती. आई राजापूरकडची. घर वर, रस्ता खाली, आणि मधे जांभ्याच्या चिऱ्यांची साठेक पायऱ्यांची पाखाडी. मृग लागला की ती पाखाडी हिरवी व्हायला लागते ती गणपतीपर्यंत. गणपतीच्या आधी वाडीतली पोरं कोयत्याने चिरे खरवडतात, वर चुना टाकतात, आणि तरीही भरवसा नको म्हणून माडाच्या झावळ्या अंथरतात. एका श्रावणात, झावळ्या पडायच्या आत, आजी परडीत पत्री घेऊन उतरत होती. खुबा मोडला. पुढे दीड वर्ष ती माजघरातल्या खाटेवर होती. पाखाडी ती त्यानंतर एकदाच उतरली, चौघांच्या खांद्यावरून.

त्यामुळे पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी टब मांडला, त्यात फिशटँकचं काढलेलं पाणी ओतलं, सात गोटे ठेवले आणि “शेवाळ धरू दे” म्हणाले, तेव्हा आईने हातातली भाजी खाली ठेवली. “लोक ते जावं म्हणून पैसे देतात. तू ते यावं म्हणून बसलीस?”

मलाही हे आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पंधरा वर्षं घरात टँक आहे आणि त्यातली चौदा मी शेवाळाशी लढले आहे. रविवार म्हणजे काचा घासायचा वार. जुनं एटीएम कार्ड काचेवरचे कडक हिरवे ठिपके खरवडायला उत्तम, आणि नळीच्या आतल्या बुळबुळीला बाटली धुवायचा ब्रश. दुकानदाराच्या सांगण्यावरून एकदा “शेवाळ खाणारा” म्हणून दोन इंचाचा सकर आणला होता. तो वर्षभरात वीतभर झाला, शेवाळ सोडून बाकी सगळं खायला लागला आणि रात्री झोपलेल्या गोल्डफिशच्या अंगावरचा चिकटा चाटायला लागला. दुकानात तो पिल्लू असतो. तो फूट-दीड फूट होतो हे विकताना कुणी बोलत नाही. मग लोक कंटाळून त्याला नदीत सोडतात. उजनीत आधी चिलापी माजलाय, त्यात ही भर. मी माझा सकर मोठा टँक असलेल्या एका ओळखीच्यांना देऊन टाकला. हे जाता जाता सांगितलं, पण टँकमधला मासा नदीत सोडू नका, एवढं मात्र जाता जाता म्हणत नाही.

तर मळ्या.

जानेवारीत वेल्ह्याच्या बाजूला एका मैत्रिणीच्या शेतावर गेले होते. शेताखाली ओढा. धार बारीक झाली होती, पण दगडांवरून खळखळत होती. पाण्यातले काळे दगड तपकिरी मखमल पांघरल्यासारखे, आणि त्या मखमलीवर मधेमधे पुसल्यासारखे पट्टे. पट्टे कसले ते मला कळेना. तिथल्या गड्याचा पोरगा, असेल दहा-अकरा वर्षांचा, म्हणाला, “ताई, मळ्या चाटतो ना दगड.” आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने दोन दगडांमधे पंचा धरला, पायाने पाणी ढवळलं आणि पंचा उचलला. त्यात बोटाएवढे चार मासे. पाठ मातकट, कुशीवर काळसर पट्टा, पोट पांढुरकं. उलटा करून दाखवला तेव्हा तोंड पुढे नाही, खाली. आणि खालच्या ओठामागे एक बारकीशी गोल चकती. त्या चकतीने तो धारेत दगडाला धरून राहतो.

धारेतले मासे आणू नयेत हे मला तेव्हाही कळत होतं. आणले. चौघांनाच आणलं, हे काही समर्थन नाही.

घरी येऊन शोधलं तर गंमत निघाली. या माशाचं शास्त्रीय नाव गॅरा मुल्या. मुल्या म्हणजे आपला मळ्याच. मुंबई सरकारच्या नोकरीत विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी होता. १८२४पासून त्याच्याकडे दख्खनची सांख्यिकी पाहणी होती: पिकं, माणसं, जातीपाती, हवामान. पण साहेबाला पक्षी आणि मासे यांचंही वेड. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं जाहीर केली तेव्हा कित्येकांना लॅटिन नाव पाडायच्या फंदात न पडता कोळ्यांच्या तोंडून ऐकलेलीच नावं आपल्या स्पेलिंगात ठोकून दिली. फुलंगी, बोगट, कावरस, शिंगटी, खुद्री. वंशाची नावं पुढे शास्त्रज्ञांनी बदलली, पण मागची नावं टिकली. जगात कुठल्याही संग्रहालयात बरणीत हा मासा असला तर चिठ्ठीवर आपल्याकडचा हा शब्द असणार. वेल्ह्याच्या त्या पोराला हे सांगायला हवं होतं.

मळ्या टँकमध्ये आले आणि पहिले आठ दिवस मी खूश होते. चौघांनी चारी काचा स्वच्छ केल्या, फिल्टरची नळी केली, खालचे खडे केले. नवव्या दिवशी खायला काही उरलं नाही. वर टाकलेले पेलेट त्यांच्या डोक्यावरून जायचे. पालकाचं उकडलेलं पान, काकडीची चकती, सगळं झालं. काकडी तरंगते म्हणून तिला काटाचमचा टोचून बुडवली, तर टँकमधल्या मॉली माशांनी फस्त केली. मळ्यांची पोटं आत जायला लागली. वरून पाहिलं की डोक्यामागे खोबणी दिसते, ती उपासमारीची खूण. चौदा वर्षं ज्याच्या नावाने मी बोटं मोडली, ते आता घरात औषधालाही नव्हतं.

शेवाळ खाणाऱ्या माशाचं आतडं लांबच लांब असतं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. त्याला दिवसभर थोडं थोडं, चोथ्याचं, हलकं खाणं लागतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत म्बुना मासे आपल्याकडे दुकानात हजारोंनी विकले जातात. तेही मुळात खडकांवरचं शेवाळ खरवडणारे. हौसेने ब्लडवर्म चारले की त्यांचं पोट फुगतं आणि चार दिवसांत खेळ आटोपतो. मळ्यांच्या बाबतीत तो धोका मला पत्करायचा नव्हता.

सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली. वाचलं की स्पिरुलिना उत्तम: वाळवलेल्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, माशांना रंग चढतो वगैरे. खरं तर ते शेवाळही नव्हे, नीलहरित जीवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली स्प्रिंगसारखा दिसतो. त्याला खारं, सोड्याचं पाणी लागतं, म्हणजे दुसरं काही त्यात शिरत नाही. प्रयोगशाळेत त्याच्यासाठी जे पाणी वापरतात त्यात लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा असतो. माझा जार वीस लिटरचा. ३३६ ग्रॅम. आईने सोड्याचा रिकामा डबा उलटा करून दाखवला आणि विचारलं, “ढोकळा केलास का कुणासाठी?” बी म्हणून आणलेलं हिरवं पाणी ओतलं, एअर पंप लावला. पंधरा दिवसांत जार सुंदर गर्द निळसर-हिरवा झाला. गाळायला पातळ कापड घेतलं, वीस लिटर पाणी गाळलं, आणि कापडावर उरला तो चमचाभर लगदा. चार मळ्यांना तो दोन मिनिटं पुरला, तोही निम्मा फिल्टरने ओढून घेतला. दगड चाटणाऱ्याला पाण्यात तरंगणारी पावडर देणं म्हणजे बैलापुढे सरबत ठेवणं.

साधं हिरवं पाणीही करून पाहिलं. हे मात्र सगळ्यात सोपं. टँकमधून काढलेल्या पाण्यात माशांची घाण असते, म्हणजेच खत. पारदर्शक बरणी, खिडकीतलं ऊन, आणि आठ-दहा दिवस. आधी ग्रीन टीसारखं, मग पालकाच्या सूपसारखं. त्यावर मोइना वाढतात, पिसवांएवढे पाण्यात टुणटुणणारे जीव, आणि मॉलीच्या पिल्लांना मोइना म्हणजे मेजवानी. पण हिरव्या पाण्याचा स्वभाव वाईट. एके सकाळी बरणी पाहावी तर पाणी नितळ, तळाशी पिवळा गाळ, आणि वास. कालपर्यंत ठणठणीत. खत संपलं असेल, ऊन चढलं असेल, मोइनांनीच फडशा पाडला असेल. म्हणून जाणकार नेहमी दोन बरण्या ठेवतात, एक गॅलरीत आणि एक दुसऱ्या खोलीत. विरजणाची वाटी शेजारी देऊन ठेवतात तसं.

मग ओढा आठवला. ओढ्याला कुणी पावडर देत नाही. ओढ्यात दगड असतो आणि ऊन असतं.

तीन पसरट टब घेतले. प्रत्येकात सात गोटे, खरबरीत निवडून. गुळगुळीत गोट्यावर काही धरत नाही. पाणी वीतभरही नाही, टँकमधलंच. गॅलरी पूर्वेची, दहा-साडेदहापर्यंत ऊन. रोज एक गोटा टँकमध्ये जायचा आणि कालचा चाटून पुसून बाहेर यायचा. सोमवारचा गोटा, मंगळवारचा गोटा. सात दिवसांत एक टब संपला की दुसरा. म्हणजे प्रत्येक टबाला पुढच्या पाळीपर्यंत चौदा दिवस पूर्ण मोकळे. कागदावर झकास.

पहिल्या पाळीला तीन आठवडे लागले. नको तेव्हा ते दोन दिवसांत काच झाकायचं; हवं तर गोटे जसेच्या तसे. मी रोज सकाळी दात घासत टबाशी उभी. बोटाने गोटा चाचपायची, नुसता ओला. सहाव्या दिवशी बोट किंचित सरकलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटाला आधी कळलं. मग तपकिरी झाक आली, कॉफी सांडून पुसल्यासारखी. हे डायाटम, एकपेशीय शेवाळ; त्यांच्या कवचाला सिलिका लागते, काचेची सख्खी बहीण. मळ्यांना सगळ्यांत जास्त आवडतं ते हेच. मी हिरव्याची वाट बघत बसले होते आणि त्यांना पाहिजे होतं ते तपकिरी. नंतर हिरवे ठिपके, नंतर आखूड लव, आणि शेवटी लांब केस, ज्याला आमच्याकडे विहिरीतलं गोंडाळ म्हणतात. गोंडाळापर्यंत गेलेला गोटा मळ्या हुंगूनही बघत नाहीत. म्हणजे टब लवकर काढला तर उपास, उशिरा काढला तर फुकट. तो मधला चार-पाच दिवसांचा काळ बोटानेच ओळखावा लागतो. पोळी भाजताना आई तव्याकडे बघतही नाही, तसं.

आणि माशाला त्यात निव्वळ शेवाळ मिळत नाही. एकदा भाचीच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली नखभर खरवड ठेवून पाहिली. होड्यांच्या आकाराचे सोनेरी डायाटम सावकाश सरकत होते, हिरव्या तारा होत्या, आणि त्यातून वाट काढत एक चक्रधर जीव तोंडाशी दोन भोवरे फिरवत निघाला होता. भाची म्हणाली, “मावशी, ही तर पूर्ण भेळ आहे.” जर्मन लोकांनी या भेळेला एक शब्द दिलाय, ऑफवुक्स. पश्चिम आफ्रिकेत बेनिनचे कोळी तर खाडीच्या उथळ पाण्यात झाडाच्या फांद्या रोवून ठेवतात, त्यांवर हे धरतं आणि मासा आपण होऊन चरायला येतो. बांगलादेशात तळ्यात बांबू रोवून त्यावर रोहू पोसतात. मी टबात केलं ते शेतीतलं जुनंच काम होतं, फक्त गॅलरीच्या मापाचं.

चुका झाल्याच. एप्रिलमध्ये टबातलं पाणी हाताला कोमट लागायला लागलं आणि दोन दिवसांत गोट्यांवर निळसर-काळी साय आली. ती कपड्यासारखी सोलून निघते. वास पहिल्या पावसाच्या मातीचा, पण शिळा. त्यात काव्य काही नाही. मातीचा तो वास देणारं द्रव्य हे नीलहरित जीवाणूही तयार करतात. मळ्यांनी तोंड लावलं नाही. आईची जुनी सुती साडी वर बांधली तेव्हा टब थंडावला. साडी आईने स्वतःहून काढून दिली, एवढं नमूद करते.

जूनमध्ये डासांची तपासणी आली. दोन कर्मचारी, हातात बॅटरी. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळं बघत गॅलरीत आले आणि तीन टबांपुढे थांबले. हिरवं साचलेलं पाणी, जून महिना. माझ्या डोळ्यांपुढे नोटीस आली. मी मच्छरदाणीचं कापड दाखवलं, ताणून इलॅस्टिकने बसवलेलं, आणि मग प्रत्येक टबात सोडलेले दोन-दोन गप्पी. त्यांतला वयस्कर होता तो वाकून बघत राहिला. “गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा,” म्हणाला, “भिंतीवर रंगवायचो आम्ही. पाळलेले पहिल्यांदा बघतोय.” नोटीस आली नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र “काही सदस्यांच्या गॅलरीतील दुर्गंधी” असा मेसेज आला. सदस्य एकच होती.

आता दुसरं भांडण. जुलैत चार दिवस मी बाहेरगावी होते. परत आले तर मधला टब पालथा, आणि कठड्यावर सात गोटे ओळीने, लख्ख, बाळाच्या टाळूसारखे. कामाला येणाऱ्या मावशींनी काथ्या आणि भांड्यांचा साबण लावून घासले होते. “ताई, काय हो ही घाण, बोट घालवेना. तुम्ही नव्हता म्हणून वेळ होता, म्हटलं करूनच टाकते.” सोमवार ते रविवार, सगळे वार साबणाने धुतलेले. जुलैत ऊन कुठलं; तो टब तयार व्हायला महिना लागला होता. मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “आम्हाला शिकवलंच ते. हिरवं दिसलं की घासायचं.”

आणि गंमत बघा, त्या वेळी आई त्यांच्या बाजूने बोलली नाही. ती आतून आली, एक गोटा उचलला, बोट फिरवलं आणि म्हणाली, “साबण मुरला असेल यात. आता हा टाकीत नको घालूस.” गोटे कुंड्यांत गेले. मावशी आता टबांना हात लावत नाहीत, पण जाताना रोज विचारतात, “आज कुठला वार?”

खरं सांगायचं तर मळ्या आता पेलेटही खातात. गॅरा जातीचे मासे हुशार, महिन्या-दोन महिन्यांत त्यांना कळतं की वरून पडतं तेही खाण्याजोगं असतं. म्हणजे मी टब बंद केले तरी ते उपाशी मरणार नाहीत. आईने हे बरोबर हेरलं आणि विचारलंही. मी म्हटलं, पोटाला बरं असतं. ते खरंच आहे, पण तेवढंच नाही. गोटा पाण्यात ठेवला की मळ्या आधी लांबून बघतो. मग एक येतो, धारेत तोंड करून गोट्यावर उतरतो, चकती टेकवतो, आणि त्याचं डोकं हलायला लागतं, डावीकडून उजवीकडे, शिंप्याने खडूने खुणा कराव्यात तसं झरझर. पेलेट खाताना तो हे करत नाही. पेलेट तो नुसता गिळतो.

गणपतीत गावी गेलो. पाखाडीवर झावळ्या पडल्या होत्या, तरी मी चढताना वाकून झावळीच्या फटीतून चिऱ्यावर बोट फिरवलं. मागून चुलतभाऊ ओरडला, “अगो, घसरशील!” खालच्या वळणावर गडग्याचा एक चिरा ढासळून पडला होता, त्याचा नारळाएवढा तुकडा मी पिशवीत टाकला. आईने पाहिलं. काही बोलली नाही.

पुण्याला आणून तो टबात ठेवला तर चार दिवसांत त्याचं हिरवं विरघळून गेलं. हवेतलं शेवाळ वेगळं, बुडीतलं वेगळं. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. पण जांभा भोकाभोकांचा. उघडा पडलेला तो चिरा तिथेच राहू दिला आणि सप्टेंबरअखेरीस ऊन आलं तेव्हा त्यावर असं काही धरलं की आधीच्या कुठल्याच गोट्याने धरलं नव्हतं. प्रत्येक भोकाच्या कडेने तपकिरी, मधे कोवळं पोपटी.

ठेवला टँकमध्ये. वार कुठला ते आता आठवत नाही. चौघं एकदम आले. पंपाची धार थेट त्या दगडावर येत होती, पाणी आदळून दोन्हीकडे फुटत होतं, आणि ते त्या बुळबुळीवर ठाण मांडून चाटत होते. आई खुर्ची ओढून काचेसमोर बसली. बराच वेळ बसली. चष्मा पुसला, परत लावला.

“ती चकती ना,” मी म्हटलं, “हनुवटीखालची. तिने धरतो तो.”

“हं,” आई म्हणाली. “म्हणजे याला घसरायला होत नाही.”